जुन्या सॉफ्टवेअरची नव्या प्रणाली-लायब्ररींसह बांधणी

जुन्या सॉफ्टवेअरची नव्या प्रणाली-लायब्ररींसह बांधणी म्हणजे काही वर्षांपूर्वी लिहिलेल्या संगणकीय आज्ञावलीच्या सोर्स कोडमध्ये मर्यादित दुरुस्त्या करून ती आजच्या ऑपरेटिंग सिस्टिममधील लायब्ररी, हेडर फाइल आणि कंपायलर यांच्या साहाय्याने पुन्हा तयार करण्याची प्रक्रिया होय. या दुरुस्त्या बहुधा पॅच नावाच्या छोट्या मजकूर-फायलींच्या रूपात ठेवल्या जातात. लिनक्सची वितरणे, बीएसडी कुळातील प्रणाली तसेच जुन्या वैज्ञानिक व औद्योगिक आज्ञावली सांभाळणाऱ्या संस्था यांच्या दैनंदिन कामाचा हा एक भाग आहे.

ही गरज मूळ आज्ञावलीत दोष असल्यामुळेच निर्माण होते असे नाही. आज्ञावली आहे तशीच राहते. मात्र ती ज्या लायब्ररींवर उभी असते, त्या सुरक्षा, वेग किंवा प्रमाणीकरण यांसाठी बदलत जातात. त्यामुळे कालपर्यंत बिनतक्रार तयार होणारा सोर्स कोड आज कंपायलरकडून नाकारला जातो. पॅच लावून बांधणी पूर्ण झाली म्हणजे आज्ञावली पूर्ववत झाली, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात यशस्वी बांधणी हा या कामाचा पहिला टप्पा असतो. मूळ कोडचा हेतू नव्या लायब्ररीच्या नियमांत अबाधित राहिला आहे काय, हे तपासणे त्याहून अवघड असते.

संज्ञा

लायब्ररी म्हणजे अनेक आज्ञावलींना सामाईकपणे वापरता येणाऱ्या फंक्शनांचा संच. फाइल उघडणे, चित्र वाचणे, मजकूर सांकेतिक करणे अशी नित्याची कामे प्रत्येक आज्ञावलीने स्वतंत्रपणे न लिहिता लायब्ररीकडे सोपवलेली असतात. लायब्ररीतील फंक्शनांची नावे व स्वरूप हेडर फाइलमध्ये जाहीर केलेले असते. कंपायलर सोर्स कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि लिंकर त्या रूपांतरित तुकड्यांची लायब्ररीशी सांगड घालतो. या सर्व पायऱ्यांना मिळून बांधणी किंवा बिल्ड म्हणतात.

पॅच या शब्दाचा मूळ अर्थ ठिगळ. मूळ फाइल आणि दुरुस्त फाइल यांतील फरक, म्हणजे कोणत्या ओळी काढल्या व कोणत्या घातल्या, एवढेच पॅचमध्ये नोंदलेले असते. मूळ प्रकल्पाला उगम, म्हणजेच अपस्ट्रीम, असे म्हटले जाते. तो प्रकल्प घेऊन वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या डेबियन, फेडोरा यांसारख्या संस्थांना वितरक म्हणतात.

पार्श्वभूमी

दोन फायलींमधील फरक दाखवणारी डिफ ही आज्ञावली बेल प्रयोगशाळेत तयार झाली आणि १९७४ मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीसोबत बाहेर पडली. तो फरक दुसऱ्या ठिकाणच्या फाइलवर आपोआप लागू करणारी पॅच ही आज्ञावली लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. पर्ल या भाषेचे जनकही तेच. आज सर्वत्र रूढ असलेली ‘युनिफाइड’ मांडणी १९९० मध्ये वेन डेव्हिसन यांनी तयार केली. या मांडणीत बदललेल्या ओळींच्या आगेमागे काही न बदललेल्या ओळीही असतात. त्यांच्या आधारे मूळ फाइलमधील ओळींचे क्रमांक थोडे सरकले असले, तरी पॅच योग्य जागी लागू शकतो.

वितरकांनी या साधनांभोवती शिस्त उभारली. डेबियनमध्ये उगमाकडून आलेला सोर्स कोड जसाच्या तसा ठेवला जातो. बदल मात्र स्वतंत्र पॅच-फायलींत आणि एका क्रमवार यादीत राहतात. या मालिका हाताळण्यासाठी क्विल्ट हे साधन वापरले जाते. त्याची सुरुवात लिनक्स कर्नलचे विकासक अँड्रयू मॉर्टन यांच्या स्क्रिप्टांपासून झाली. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्स संग्रहातही पॅच-फायली वेगळ्या ठेवण्याची प्रथा आहे. मूळ काय आणि नंतरचे काय हे कोणालाही केव्हाही वेगळे करून पाहता यावे, हा या पद्धतीचा हेतू होय.

बांधणी अडण्याची कारणे

जुनी बांधून ठेवलेली आज्ञावली नव्या प्रणालीवर चालते, पण तिचाच सोर्स कोड तेथे बांधला जात नाही, ही स्थिती प्रथमदर्शनी विसंगत वाटते. ग्नू सी लायब्ररी, अर्थात जीलिबसी, हिच्यात प्रत्येक फंक्शनाला आवृत्तीची खूण जोडलेली असते. त्यामुळे जुन्या बांधलेल्या आज्ञावलीसाठी जुने फंक्शन लायब्ररीत शिल्लक ठेवून नव्या बांधणीसाठी ते बंद करता येते. २०२० मधील जीलिबसी २.३२ मध्ये संदेश-संकेतांच्या नावांची ‘सिस_सिगलिस्ट’ ही यादी याच रीतीने बंद झाली. आधी बांधलेल्या आज्ञावली चालू राहिल्या. नव्याने बांधणाऱ्यांना ‘स्ट्रसिग्नल’ हे फंक्शन वापरणे भाग पडले.

बांधणी अडण्याची कारणे साधारणपणे पुढील प्रकारची असतात.

पहिला प्रकार घटक काढून टाकण्याचा. सन कंपनीच्या पद्धतीची दूरस्थ-आवाहन सुविधा जीलिबसीने २०१७ मधील २.२६ या आवृत्तीत कालबाह्य ठरवली आणि २.३२ मध्ये पूर्ण काढली. तिच्यावर विसंबलेल्या आज्ञावलींना लिबटीआयआरपीसी या स्वतंत्र लायब्ररीकडे वळावे लागले. तेथे फंक्शने जवळजवळ तीच असली, तरी हेडर फाइलची जागा वेगळी असल्याने बांधणीच्या सूचना बदलाव्या लागतात.

दुसरा प्रकार घोषणेची जागा बदलण्याचा. उपकरणांचे क्रमांक हाताळणारे ‘मेजर’, ‘मायनर’ आणि ‘मेकडेव्ह’ हे मॅक्रो पूर्वी एका सर्वसाधारण हेडर फाइलमधून आपोआप मिळत. २०१८ मधील जीलिबसी २.२८ पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र हेडर फाइल स्पष्टपणे मागावी लागते. त्या काळच्या जीसीसी कंपायलरला मॅक्रो दिसला नाही, की तो ‘मेजर’ हे एखादे फंक्शन असावे असे गृहीत धरून पुढे जाई आणि चूक लिंकरच्या टप्प्यावर उघडी पडे. एखादी लायब्ररी जोडायची राहिली आहे असा वाचणाऱ्याचा समज होई. वास्तविक उणीव एका हेडर फाइलची असे.

तिसरा प्रकार अंतर्गत रचना झाकण्याचा. लायब्ररी आपल्या स्ट्रक्चरमधील घटक खासगी करते आणि ते केवळ ठरावीक फंक्शनांमार्फत उपलब्ध ठेवते.

चौथा प्रकार स्थिरांक चल होण्याचा. संदेश-संकेत हाताळण्यासाठी लागणाऱ्या स्मृतीचे आकारमान दर्शवणारे ‘सिगस्टॅकएसझेड’ हे मूल्य जीलिबसी २.३४ पासून, म्हणजे २०२१ पासून, बांधणीच्या वेळी स्थिर असेलच असे राहिले नाही. त्या मूल्याइतक्या लांबीचा स्थिर ॲरे जाहीर करणाऱ्या कित्येक आज्ञावली त्यामुळे अडल्या.

पाचवा प्रकार कंपायलर कडक होण्याचा. तो लायब्ररीचा बदल नसला, तरी नव्या प्रणालीवर दोन्ही बदल एकदमच समोर येतात.

कार्यपद्धती

अनुभवी देखभालकर्ते प्रथम कोणताही बदल न करता बांधणी करून संपूर्ण नोंद जतन करतात. शेकडो चुका दिसल्या तरी पहिल्या चुकीपासून सुरुवात केली जाते, कारण नंतरच्या अनेक चुका तिचेच पडसाद असतात. पुढची पायरी म्हणजे लायब्ररीच्या बदल-नोंदी वाचून घटक केव्हा, कशासाठी काढला आणि पर्याय कोणता सुचवला आहे हे पाहणे. त्यानंतर उगमाच्या अद्ययावत शाखेत हीच दुरुस्ती आधी झाली आहे काय आणि अन्य वितरकांनी पॅच केला आहे काय, याचा शोध घेतला जातो. बहुतेक वेळा कोणीतरी ही वाट आधी चाललेले असते.

स्वतः पॅच लिहिण्याची वेळ आल्यास तो लहान आणि एकाच कारणापुरता ठेवला जातो. मोकळ्या जागा नीटनेटक्या करणे, नावे बदलणे अशा गोष्टी त्यात मिसळल्यास पुढील तपासणाऱ्याला मूळ दुरुस्ती शोधणे कठीण जाते. जुन्या व नव्या दोन्ही लायब्ररींवर कोड बांधला जावा यासाठी आवृत्ती-क्रमांकाची अट घालण्याची रीत आहे. तथापि क्रमांकापेक्षा ते विशिष्ट फंक्शन उपलब्ध आहे काय याची चाचणी अधिक भरवशाची मानली जाते. डेबियनच्या डीईपी-३ या संकेतानुसार प्रत्येक पॅचच्या आरंभी त्याचे वर्णन, उगमस्थान, लेखक आणि तो मूळ प्रकल्पाकडे पाठवला आहे की नाही याची नोंद करता येते. ही नोंद नसलेला पॅच काही वर्षांनी कोणालाच उलगडत नाही आणि म्हणून काढून टाकण्याचे धाडसही कोणी करत नाही.

प्रमुख उदाहरणे

एम४ आणि जीलिबसी २.२८

एम४ ही मॅक्रो-विस्तार करणारी आज्ञावली असून ऑटोकॉन्फ हे बांधणीपूर्व साधन तिच्यावर अवलंबून आहे. तिची १.४.१८ ही आवृत्ती २०१६ च्या अखेरीस आली. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ प्रसिद्ध झाल्यावर ती बांधली जाईना.

दोष एम४च्या स्वतःच्या कोडात नव्हता. तिच्यात ग्नूलिब या सामाईक कोड-संग्रहाची प्रत अंतर्भूत होती. फाइल वाचताना आतल्या बफरची स्थिती जाणून घेण्यासाठी ग्नूलिबला जीलिबसीच्या अंतर्गत रचनेत डोकवावे लागे. आपण जीलिबसीवरच आहोत ना, हे ओळखण्यासाठी ग्नूलिब ‘आयओ_एफट्रायलॉकफाइल’ हा अंतर्गत मॅक्रो अस्तित्वात आहे काय, असे विचारी. २.२८ मध्ये जीलिबसीने आपल्या अंतर्गत हेडर फायली बंद केल्या आणि ही ओळखीची खूण नाहीशी झाली. ग्नूलिबचा असा ग्रह झाला की आपण एखाद्या अनोळखी प्रणालीवर आहोत, आणि या प्रणालीसाठी कोड जुळवून घ्या असा संदेश देऊन बांधणी थांबली.

सोर्स कोडपासून संपूर्ण प्रणाली उभारण्यास शिकवणाऱ्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या पुस्तकाने यावर दोन आज्ञांचा तोडगा दिला. पहिल्या आज्ञेने ती जुनी खूण सर्वत्र बदलून तिच्या जागी ‘आयओ_ईओएफ_सीन’ ही नव्या जीलिबसीत आढळणारी खूण घातली जाई. दुसरीने दिसेनासा झालेला एक स्थिरांक हेडर फाइलच्या शेवटी पुन्हा जाहीर केला जाई. ग्नूलिबची प्रत बाळगणाऱ्या इतरही अनेक आज्ञावलींना हीच दुरुस्ती लागली. मूळ ग्नूलिबमध्ये सुधारणा झाली असली, तरी ज्या प्रकल्पांनी जुनी प्रत पोटात घेतली होती त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नव्हती. एम४ची पुढील आवृत्ती, १.४.१९, मे २०२१ मध्ये आली. मधल्या काळात ही आज्ञावली वितरकांच्या पॅचवरच तगली.

लिबपीएनजी १.५

पीएनजी चित्रे हाताळणाऱ्या लिबपीएनजी लायब्ररीची १.५ ही आवृत्ती २०११ मध्ये आली. तोवर अनेक आज्ञावली चित्राची रुंदी, उंची व रंगखोली स्ट्रक्चरमधून थेट वाचत. नव्या आवृत्तीत ही स्ट्रक्चरे बंद झाली आणि प्रत्येक मूल्यासाठी ठरावीक फंक्शन वापरणे अनिवार्य झाले. शिवाय लिबपीएनजीची हेडर फाइल झेडलिबची हेडर फाइल आपोआप आत आणत असे. ते बंद झाल्याने झेडलिबची नावे परभारे वापरणाऱ्या आज्ञावलीही अडल्या. येथील दुरुस्ती तुलनेने सरळ असते, कारण मूल्य तेच राहते आणि केवळ ते मागण्याची रीत बदलते.

ओपनएसएसएल १.१.०

ऑगस्ट २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली ओपनएसएसएल १.१.० ही आवृत्ती या विषयातील सर्वांत व्यापक उदाहरणांपैकी एक आहे. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हा गंभीर दोष उघडकीस आल्यानंतर या लायब्ररीच्या फेररचनेला वेग आला. १.१.० मध्ये बहुसंख्य स्ट्रक्चरे झाकण्यात आली.

याचा पहिला परिणाम स्मृतीच्या वापरावर झाला. जुन्या कोडात गोषवारा काढण्यासाठी लागणारे स्ट्रक्चर फंक्शनातच स्थानिक चल म्हणून जाहीर करत. फंक्शन संपले की त्याची जागा आपोआप मोकळी होई. नव्या आवृत्तीत त्या स्ट्रक्चरचे आकारमानच कंपायलरला ठाऊक नसते. म्हणून ते लायब्ररीकडून मागून घ्यावे लागते, ते मिळाले की नाही हे तपासावे लागते आणि फंक्शनातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाटेवर ते परत करावे लागते. घाईने केलेल्या पॅचमध्ये शेवटची यशस्वी वाट सांभाळली जाते. चूक झाल्यावर मध्येच परतणाऱ्या वाटा राहून जातात आणि स्मृतीची गळती सुरू होते.

दुसरा परिणाम मालकीहक्काचा. आरएसए किल्लीचे घटक बसवण्यासाठी ‘आरएसए_सेट०_की’ आणि वाचण्यासाठी ‘आरएसए_गेट०_की’ अशी फंक्शने आली. पहिल्याला दिलेल्या संख्यांची मालकी लायब्ररीकडे जाते. त्या नंतर आज्ञावलीने स्वतः मुक्त करायच्या नसतात. दुसऱ्याकडून मिळालेल्या संख्या लायब्ररीच्याच असतात. त्याही मुक्त करायच्या नसतात. जुन्या कोडातील मुक्त करण्याच्या ओळी पॅचनंतर तशाच राहिल्या, तर तीच स्मृती दोनदा मुक्त होते. कंपायलर यावर सहसा काहीही बोलत नाही.

तिसरी अडचण आवृत्ती-क्रमांकाची. ओपनबीएसडी प्रकल्पाने २०१४ मध्ये ओपनएसएसएलपासून वेगळी काढलेली लिब्रेएसएसएल ही लायब्ररी स्वतःचा ओपनएसएसएल-क्रमांक २.० असा सांगे, परंतु १.१.० मधील नवी फंक्शने आरंभी तिच्यात नव्हती. केवळ ‘१.१ पेक्षा मोठा क्रमांक’ एवढीच अट घातलेले पॅच तेथे फसले आणि लिब्रेएसएसएलसाठी स्वतंत्र अट घालावी लागली. २०१८ मधील लिब्रेएसएसएल २.७ पासून यांपैकी बरीच फंक्शने तेथे उपलब्ध झाली.

संक्रमणाला वेळ लागला. ओपनएसएसएच या दूरस्थ-प्रवेश आज्ञावलीने ओपनएसएसएल १.१ वर बांधणीची सोय ऑक्टोबर २०१८ मधील ७.९ या आवृत्तीत दिली. २०१७ मधील डेबियन ९ मध्ये १.०.२ आणि १.१ या दोन्ही मालिका शेजारी शेजारी ठेवाव्या लागल्या. जुन्या १.०.२ मालिकेचा सार्वजनिक आधार २०१९ च्या अखेरीस संपला. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीने खालच्या पातळीवरील अनेक फंक्शने कालबाह्य ठरवून पुढील फेरी सुरू केली.

एफएफएमपेग ५.०

ध्वनिचित्र हाताळणाऱ्या एफएफएमपेगने २०१६ मध्ये कालबाह्य ठरवलेले एक डीकोडिंग फंक्शन २०२२ मधील ५.० मध्ये काढले. जुन्या पद्धतीत एकाच आवाहनात डेटा देऊन चौकट परत घेतली जाई; नव्या पद्धतीत देणे व घेणे अशी दोन स्वतंत्र फंक्शने आहेत आणि एका पाकिटातून शून्य, एक किंवा अनेक चौकटी बाहेर पडू शकतात. जुन्या ओळीच्या जागी या दोन ओळी एकापुढे एक लिहिल्यास आज्ञावली बांधली जाते व चालतेही. मात्र चौकटी घेण्याचे आवर्तन आणि अखेरची रिकामी फेरी राहून गेली, तर चित्रफितीच्या शेवटच्या काही चौकटी गळतात.

आयसीयू ५८ आणि देवनागरी

युनिकोडसाठीच्या आयसीयू या लायब्ररीत लेआउट एंजिन नावाचा घटक होता. देवनागरीसह भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे, मात्रांची मांडणी आणि रफार योग्य जागी नेणे ही कामे तो करी. ऑक्टोबर २०१६ मधील ५८ व्या आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला आणि वापरकर्त्यांना हार्फबझ या लायब्ररीकडे वळण्यास सांगण्यात आले. ज्यांना आपला कोड बदलणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी जुन्या लेआउट एंजिनची फंक्शने हार्फबझच्या आधारे पुरवणारा एक पूल उपलब्ध आहे. लिब्रेऑफिसने लिनक्सवर हार्फबझचा वापर २०१३ मध्येच सुरू केला होता. २०१७ मधील ५.३ या आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर एकच मांडणी-यंत्रणा आली.

असे स्थित्यंतर केलेल्या आज्ञावलीची चाचणी मराठी वाचकाच्या डोळ्यांनी होणे अगत्याचे असते. ‘सूर्य’ मधील रफार आणि ‘सुऱ्या’ मधील अर्धा र, ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग, हे भेद मराठीत अर्थभेदक आहेत. अक्षरमांडणीत ते हरवले, तरी कंपायलर किंवा लिंकर त्याविषयी कोणतीही सूचना देत नाही.

कंपायलरचे बदल

मे २०२० मधील जीसीसी १० ने हेडर फाइलमध्ये ‘एक्स्टर्न’ न लिहिता जाहीर केलेले जागतिक चल एकत्र करणे बंद केले. असे चल अनेक फायलींत आल्यास लिंकर बहुव्याख्येची चूक दाखवतो. मे २०२४ मधील जीसीसी १४ ने घोषणा न केलेल्या फंक्शनाचा वापर ही सूचना न मानता चूक मानली. एप्रिल २०२५ मधील जीसीसी १५ ने सी२३ हे प्रमाण मूलभूत धरले. त्यात रिकाम्या कंसाचा अर्थ ‘एकही आर्ग्युमेंट नाही’ असा होतो आणि ‘बूल’, ‘ट्रू’, ‘फॉल्स’ हे राखीव शब्द आहेत. या प्रत्येक बदलासाठी कंपायलरला जुन्या रीतीने वागण्याचा आदेश देता येतो. पण त्याने प्रश्न पुढे ढकलला जातो.

यशस्वी बांधणी आणि चुकीचे वर्तन

नव्या लायब्ररीसह बांधलेली आज्ञावली मुकाट्याने बिघडण्याचे दोन मार्ग विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिला बांधणीपूर्व चाचण्यांचा. ऑटोकॉन्फने तयार केलेली स्क्रिप्ट लहान लहान नमुना-आज्ञावली बांधून प्रणालीत कोणती सुविधा आहे ते ठरवते. जुन्या नमुन्यातच एखादे फंक्शन घोषणेविना वापरलेले असेल, तर कडक झालेला कंपायलर तो नमुना नाकारतो आणि सुविधा असूनही नाही अशी नोंद होते. मुख्य बांधणी निर्विघ्न पार पडते. परिणामी तयार झालेल्या आज्ञावलीत एखादी क्षमता कमी असते. जुनी व नवी चाचणी-नोंद समोरासमोर ठेवून पाहणे हा यावरचा उपाय आहे.

दुसरा घोषणेच्या अभावाचा. घोषणा न सापडल्यास सी भाषेचा जुना कंपायलर फंक्शन पूर्णांक परत करते असे गृहीत धरी. ६४ बिटांच्या यंत्रावर पॉइंटर ६४ बिटांचा आणि पूर्णांक ३२ बिटांचा असल्याने पत्त्याचा अर्धा भाग कापला जाई आणि आज्ञावली कोठेतरी दूर, असंबद्ध वाटणाऱ्या जागी कोसळे.

वितरकांच्या पॅचमधील जोखमीचे सर्वांत परिचित उदाहरण डेबियनमधील ओपनएसएसएलचे आहे. तो पॅच नव्या लायब्ररीशी जुळवण्यासाठी नव्हता. स्मृती-तपासणी साधनांच्या इशाऱ्यांना शांत करण्यासाठी २००६ मध्ये कोडातील ओळी गाळण्यात आल्या होत्या. त्यांपैकी एक ओळ यादृच्छिक संख्यानिर्मितीत बाहेरील अनिश्चितता मिसळण्याचे मुख्य काम करत होती. ती गेल्यावर किल्ल्यांमधील अनिश्चितता जवळजवळ केवळ प्रक्रिया-क्रमांकावर येऊन ठेपली, आणि त्या क्रमांकाची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे ३२,७६८ होती. आज्ञावली बांधली जात होती, चालत होती आणि किल्ल्या तयार करत होती. त्या किल्ल्या मात्र मोजक्याच संचातील असल्याने अंदाजाने शोधता येण्याजोग्या होत्या. लुसियानो बेल्लो यांनी हा दोष शोधला व १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला. डेबियन आणि तिच्यावर आधारलेल्या उबुंटूसारख्या प्रणालींवर त्या काळात निर्माण झालेल्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. तक्रार करणारी ओळ काढण्यापूर्वी ती तेथे कशासाठी आहे हे समजून घेतले पाहिजे, हा धडा तेव्हापासून या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो.

पर्यायी उपाय

पॅच न करता जुनी लायब्ररी नवीसोबत ठेवणे, ती आज्ञावलीतच स्थिरपणे जोडणे किंवा जुनी प्रणाली कंटेनरमध्ये बंदिस्त करून चालवणे हे पर्याय उपलब्ध असतात. त्यांत सोर्स कोडला हात लागत नाही हा लाभ आहे. पण जुन्या लायब्ररीतील सुरक्षा-दोषही त्यासोबत राहतात आणि ते दुरुस्त करणारा कोणी उरलेला नसतो. जाळ्याशी जोडल्या न जाणाऱ्या आज्ञावलींसाठी हा मार्ग स्वीकारार्ह ठरू शकतो.

तिसरा मार्ग सुसंगती-थराचा. जुन्या लायब्ररीचीच फंक्शने पुरवून आतून नवी लायब्ररी वापरणारा थर लिहिला, तर असंख्य आज्ञावलींना वेगवेगळे पॅच करावे लागत नाहीत. एसडीएल १.२ या खेळांसाठीच्या लायब्ररीच्या जागी एसडीएल २ वर आधारलेला असा थर फेडोरा ३५ ने २०२१ मध्ये स्वीकारला.

जतन आणि उगमाकडे पाठवणी

फ्रान्समधील इन्रिया या संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलेला सॉफ्टवेअर हेरिटेज प्रकल्प जगभरातील सोर्स कोड संग्रहित करतो. संग्रहित कोड वाचता येतो. तो चालवता यावा यासाठी मात्र त्याच्या काळातील लायब्ररी किंवा आजच्या लायब्ररींशी जुळवून घेणारे पॅच यांची जोड लागते. या दृष्टीने वितरकांचे पॅच-संग्रह हे संगणकीय वारशाच्या जतनाचेही साधन ठरतात.

वितरकाकडे राहिलेला पॅच प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत पुन्हा बसवावा लागतो. तोच उगम प्रकल्पात स्वीकारला गेला, तर सर्वांचे कष्ट वाचतात आणि मूळ लेखकांची नजरही त्यावरून फिरते. उगम प्रकल्प निष्क्रिय झालेला असल्यास विविध वितरकांचे देखभालकर्ते कधी कधी एकत्र येऊन नवी शाखा सुरू करतात.

येत्या काळातील एक मोठे काम कालगणनेशी निगडित आहे. ३२ बिटांच्या चलात साठवलेली युनिक्स-वेळ १९ जानेवारी २०३८ रोजी जागतिक प्रमाणवेळेनुसार ०३:१४:०७ नंतर ओसंडते. ३२ बिटांच्या प्रणालींवर ६४ बिटांची वेळ वापरण्याची सोय जीलिबसी २.३४ मध्ये आली आणि डेबियनने ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीत ३२ बिटांच्या एआरएम प्रणालीसाठी हे स्थित्यंतर केले. वेळ पूर्णांकात साठवणाऱ्या किंवा फाइलमध्ये चार बाइटांत लिहिणाऱ्या जुन्या आज्ञावली नव्या लायब्ररीसह बिनतक्रार बांधल्या जातात. त्यांतील चूक शोधण्यासाठी कोड वाचण्यावाचून गत्यंतर नसते.

हेही पाहा

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
लिनक्स वितरण
ग्नू सी लायब्ररी
ओपनएसएसएल
हार्टब्लीड
२०३८ ची समस्या